ज्याचा फॉर्म, त्यानं समोर बसायचं

इब्राहिमभाई, तुम्हाला मातीत ठेवलं त्या वेळी मी प्लांटवर एक प्रेशर गेज बदलत होतो. आज चौदा दिवस झाले, आणि हे वाक्य अजून कुणाच्या तोंडावर बोलायची माझी हिंमत झालेली नाही. सुनंदाला मी नुसतं 'उशीर झाला' एवढंच सांगितलं. बायकोशीही खोटं बोललो, म्हणून आता तुमच्याशी तरी खरं बोलतो.

फोन सकाळी साडेआठलाच आला होता. सुपरवायझरनं येऊन सांगितलं, की बुसैतीनला राहणारे ते इब्राहिमभाई झोपेतच गेले. मी हातातला पाना खाली ठेवला आणि परत उचलला. काम सोडून का निघालो नाही ते ऐका, कारण असली चूक आखातात राहिलेल्या आपल्यासारख्या माणसाच्याच हातून होते. इथं आपलं कुणी गेलं की पहिल्यांदा रडू येत नाही, कागद आठवतात. हॉस्पिटलचा दाखला, पोलिसांचा कागद, एम्बसीचं पत्र, विमानात पेटीला जागा. चार दिवस तरी कुठं गेले नाहीत. हे मला शिकवलं कुणी? तुम्हीच. किती जणांना तुम्ही असं पेटीतून गावी पाठवलंत, आणि त्यातल्या दोघांच्या वेळी फॉर्मला टाचण्या लावायला मी तुमच्या शेजारी बसलो होतो. मी धरूनच चाललो की तुम्हीही रत्नागिरीला जाणार. तीनला शिफ्ट संपेल, आंघोळ करीन, मग जाईन, तोवर इब्राहिमभाई कुठं जातायत.

चारच्या सुमारास तुमच्या जिन्यात पोचलो तर माणसं दफन करून परत येत होती. त्यांच्या पायांना पिवळी माती होती. जुबैदाभाभी दाराआडून म्हणाल्या, "मिलिंदभाऊ, दुपारच्या नमाजनंतर झालं सगळं. त्यांनीच सांगून ठेवलेलं. मला पेटीत घालू नका, जिथं मरेन तिथंच ठेवा. अस्लमची पण वाट बघू नका म्हणाले होते." तुमचा स्वतःचा मुलगा रत्नागिरीहून निघाला होता आणि मुंबईच्या विमानतळावर बसून होता. तो पोचू शकला नाही, यात त्याचा काही दोष नव्हता. मी वीस मिनिटांच्या अंतरावर होतो.

आणि एवढंही सगळं खरं नाही. आपण तीन आठवडे बोललो नव्हतो. तुमच्या दारात यायला माझा पाय उचलत नव्हता. चार दिवस लागतील हे मला बरंच वाटलं होतं, तेवढ्यात तोंड तरी तयार करता येईल म्हणून.

सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा मी तुमच्या अदलियातल्या ऑफिसात आलो तो फॅमिली व्हिसाच्या फॉर्मसाठी. कुवेतची लढाई संपून वर्ष झालं असेल. तुम्ही कस्टममधून माल सोडवणाऱ्या क्लिअरिंग कंपनीत क्लार्क, पण गुरुवारी दुपारनंतर आपल्या लोकांचे फॉर्म भरून द्यायचात, फुकट. व्हिसा, आयडी कार्ड, लीव्ह, जे असेल ते. मला कुणीतरी सांगितलं होतं, की त्यांचं अक्षर छापल्यासारखं आहे, पण माणूस हट्टी आहे. ते लगेच कळलं. मी कागद टेबलावर ठेवून म्हटलं, मी संध्याकाळी येतो, तुम्ही भरून ठेवा. तुम्ही खुर्ची दाखवलीत. "बस. ज्याचा फॉर्म, त्यानं समोर बसायचं." मग एकेक ओळ वाचून दाखवलीत, तिचा अर्थ सांगितलात, आणि मी हो म्हटल्याशिवाय पेन टेकवलं नाहीत. केरळचा एक गवंडी आला होता, त्याला सही करता येत नव्हती, त्यालाही तुम्ही तुटक्या हिंदीत सगळं वाचून दाखवलंत. मागे रांग लागली होती. तुम्ही रांगेकडे बघितलंही नाहीत.

माझं आडनाव लिहिताना तुमचं पेन थांबलं नाही, हे त्या दिवशी माझ्या फार मनात राहिलं होतं. आपल्याकडची माणसं आडनाव ऐकलं की क्षणभर थांबायची. इथं परदेशातही थांबायची. तुम्ही लिहिलंत आणि पुढचा रकाना वाचलात. मग फॉर्म संपल्यावर विचारलंत, "गाव कुठलं रे?" मी म्हटलं महाडजवळचं. "म्हणजे खोतांचा मुलूख. आमच्याकडं पण तेच." त्या एका शब्दावर आपली दोस्ती झाली.

तुम्ही एमए झालेले, चार वर्षं गावच्या हायस्कुलात इतिहास शिकवलेला, पण नोकरी पक्की झाली नाही म्हणून इथं आलेले. हे मला भाभींकडून कळलं. तुम्ही स्वतः कधी बोलला नाहीत. पण शुक्रवारी सकाळी नऊ ते अकरा तुमच्या हॉलमध्ये आपल्या लोकांची सहा-सात पोरं बसायची आणि तुमच्यातला मास्तर जागा व्हायचा. आमची प्रज्ञा नववीपासून यायला लागली. ही पोरं मराठी समजतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. तुम्ही त्यांना कधी टोकलं नाहीत. तुम्ही मराठीत सांगायचात, ती इंग्रजीत विचारायची, आणि वर्ग आरामात चालायचा. मी तिला सोडायला म्हणून यायचो आणि भाभींच्या चहासाठी म्हणून थांबायचो. खरं म्हणजे मी तुमचं ऐकायला थांबायचो.

पुस्तकात युरोपातल्या अनियंत्रित राजसत्तेचा धडा होता. तुम्हाला त्या धड्याचा राग यायचा. "ह्यांचा राजा एका पानावर चढतो आणि दुसऱ्या पानावर उतरतो. मधली दीडशे वर्षं काय मी माझ्या पदरची घालू?" आणि घातलीतच. धर्मावरून एकमेकांची गावं जाळून माणसं दमली होती, असं तुम्ही सांगायचात. दमलेल्या माणसाला कुणीतरी एक हवा असतो, जो म्हणेल की आता बस. तो एक म्हणजे राजा. त्यानं तोफा आपल्या ताब्यात घेतल्या, कायमची फौज ठेवली, तिच्यासाठी कर बसवला आणि कर गोळा करायला स्वतःची माणसं नेमली. एका शुक्रवारी तुम्ही सगळ्यांना अरादच्या किल्ल्यावर नेलंत आणि भिंतीवर थाप मारून विचारलंत, चांगली तोफ असली तर ही किती वेळ उभी राहील? पोरं म्हणाली, दहा मिनिटं. "झालं. सरदाराची ऐट तेवढ्या दहा मिनिटांत गेली."

राजांची नावं पोरांच्या लक्षात राहायची नाहीत, आकडे तर मुळीच नाहीत, म्हणून तुम्ही टोपणनावं ठेवली होती. डोकं गेलेला राजा, दाढ्या कापणारा राजा, शर्टवाला राजा. दाढ्या कापणारा राजा रशियाचा. त्याचं सांगताना तुम्ही स्वतःच्या दाढीवर हात ठेवून बसायचात. इथंही राज्य एकाच घराण्याचं, म्हणून आवाज चढला की भाभी येऊन खिडकी लावायच्या. "फ्रान्सचा म्हणा, फ्रान्सचा. रस्त्यावरच्या माणसाला काय ठाऊक, तुम्ही कुठल्या राजाचं बोलताय." तुम्ही आज्ञाधारकपणे दोन वाक्यं 'फ्रान्सचा, फ्रान्सचा' म्हणायचात आणि तिसऱ्याला विसरायचात.

शर्टवाला तुमचा लाडका. त्यानं सरदारांना त्यांच्या गावांतून उचलून आपल्या महालात आणून ठेवलं, आणि सकाळी राजाला शर्ट कोण देणार यावरून ते एकमेकांवर जळायला लागले. "समज, आपला खोत रे मिलिंद. ज्याच्या दारावरून जाताना चप्पल हातात घ्यावी लागायची, तो तिथं बाही धरून उभा." मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो होतो. माझ्या आजोबांनी जन्मभर खोताची लाकडं फोडली, वेठीवर. त्यांना हे ऐकायला मिळालं असतं तर दोन दिवस जेवले नसते, हसण्यातच पोट भरलं असतं.

पण हसून झाल्यावर मी भांडलो. मी म्हटलं, त्यानं खोत मोडले ते माझ्या आजोबांसाठी नाही मोडले. सगळे खोत गिळून तोच एक मोठा खोत झाला. तुम्ही म्हणालात, "कबूल. पण शंभर खोतांशी शंभर ठिकाणी भांडता येत नाय. एकाशी भांडता येतं. आधी कायदा एक झाला, म्हणून पुढं कुणीतरी म्हणू शकला की तो सगळ्यांना सारखा लाव." मी म्हटलं, तोपर्यंत किती पिढ्या लाकडं फोडायची? "तेच तर," म्हणालात आणि आंघोळीला उठलात, जुम्म्याची वेळ झाली होती. दोन वर्षं आपण तिथंच अडकलो होतो. मला अजूनही वाटतं की मी बरोबर होतो. तुम्ही असता तर आजही भांडलो असतो, आणि तेच मला हवं होतं.

गंमत बघा. राजांची बाजू घेणारे तुम्ही घरात सून आणण्यापासून पडद्याच्या कापडापर्यंत सगळं भाभींना, अस्लमला विचारून करायचात. आणि मी. सहा डिसेंबरला आणि चौदा एप्रिलला हॉलमध्ये उभा राहून समतेवर भाषण करणारा मी, माझ्या घरात सुट्टीत गावी कधी जायचं, टीव्हीवर काय लावायचं, पोरीनं काय शिकायचं, सगळं एकटा ठरवायचो. मला त्यात काही चुकीचं दिसतही नव्हतं. एवढ्या लांब येऊन राबतोय कुणासाठी, असं माझं उत्तर तयार असायचं.

दहावीची परीक्षा संपली तरी तुमचा वर्ग संपला नाही, कारण राजे अजून उतरायचे होते. त्या मार्चमधल्या शुक्रवारी तुम्ही फ्रान्सच्या शेवटाला आलात. इंग्लंडचे राजे दोनदा आपटी खाऊन ऐकायला शिकले, हे ऐकले नाहीत, असं म्हणालात. पावणेदोनशे वर्षांनी राजाला सगळ्यांची सभा बोलवावी लागली, आणि त्याआधी गावोगावच्या लोकांना सांगण्यात आलं, की आपापल्या तक्रारी वहीत लिहून पाठवा. लोकांनी लिहिल्या. मिठावरचा कर, सरदारांची कबुतरं पीक खातात, असलं सगळं. "आणि गंमत म्हणजे वहीत राजाविरुद्ध फारसं कायच नव्हतं. त्यांना तेव्हासुद्धा राजा नको नव्हता. त्यांना ऐकणारा हवा होता." मग तुम्ही पोरांना कागद वाटलेत. आपापल्या घरातल्या राजाविरुद्ध तक्रारी लिहा, राजाला दाखवणार नाही. पोरांनी भराभरा लिहिलं. एकानं तर दोन्ही बाजू भरल्या.

पुढच्या गुरुवारी मी प्रज्ञाचा अकरावीचा फॉर्म घेऊन तुमच्या घरीच आलो. सायन्स, कॉमर्स आणि ह्युमॅनिटीज, असे तीन चौकोन होते. पालकाची सही मी आधीच करून टाकली होती. तुम्ही फॉर्म हातात घेतलात, खालपर्यंत वाचलात आणि विचारलंत, "प्रज्ञा कुठाय?"

"घरी आहे. सायन्सवर खूण करा, पुढं इंजिनिअरिंगला पाठवायचीय."

"तिला घेऊन ये, मग भरतो."

मी हसलो. मला वाटलं तुम्ही मस्करी करताय. मग तुम्ही त्या कागदांचं सांगितलंत. सगळ्या पोरांनी तक्रारी लिहिल्या होत्या, प्रज्ञानं कोरं पान दिलं होतं. मी म्हटलं, तक्रार नाही म्हणून कोरं. तुम्ही मान हलवलीत. "नाय रे बाबा. सांगून उपयोग नाय म्हणून कोरं. भरलेल्या पानाची मला कधी भीती वाटली नाय. ह्याची वाटली."

तिथं माझं डोकं फिरलं. मी बाप आहे तिचा, म्हटलं. तिला इतिहासाचं वेड तुम्ही लावलंत, आता तिला तिकडं ढकलायचं म्हणून हे नाटक चाललंय. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मी कुठं म्हटलं इतिहास घे? विचार म्हटलं." आणि मग मी ते बोललो. "स्वतःची मास्तरकी गेली, म्हणून माझ्या पोरीवर मास्तरकी गाजवताय होय?"

भाभी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. तुम्ही पेनाला टोपण लावलंत. चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "चहा घेऊन जा, मेल्या," एवढंच म्हणालात. मी घेतला नाही. फॉर्म ओढून घेतला आणि जिना उतरलो.

पुढचे तीन शुक्रवार मी प्रज्ञाला पाठवलं नाही. तिनं पहिल्या शुक्रवारी कपडे करून दप्तर भरलं होतं. मी म्हटलं, आता परीक्षा झाली, पुरे. ती "ओके" म्हणाली आणि खोलीत गेली. भांडली नाही. मला ते तेव्हा संस्कार वाटले होते. सुनंदानं दोनदा म्हटलं, जाऊन या हो, एवढा मोठा माणूस, माफी मागितली तर काय झिजणार आहात? मी म्हणायचो, इंशाल्ला, पुढच्या आठवड्यात. तुमचाच शब्द तुमच्याचविरुद्ध वापरायचो. तिसऱ्या शुक्रवारी मी खरंच गाडीची किल्ली घेतली होती. मग वाटलं, आज नको, वर्गात पोरं असतील, त्यांच्यासमोर कशाला. सोमवारी तुम्ही गेलात.

माफी मागतो, इब्राहिमभाई. तुमची मास्तरकी गेली नव्हती. ती काढून घेतली गेली होती आणि तुम्ही ती बुसैतीनच्या हॉलमध्ये जपून चालू ठेवली होती, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. नेमकं दुखतं कुठं ते ठाऊक असलेल्या माणसानंच तिथं मारलं. तुम्ही आपल्या लोकांना या बेटावर माणसासारखं बसवून वागवलंत, मला तर पहिल्याच दिवशी. त्याचे आभारही मी कधी मानले नाहीत. आपल्यात तसं बोलायची पद्धत नव्हती, असं म्हणून वेळ मारून नेता येईल. पण मला शिव्या देता येत होत्या, म्हणजे आभारही मानता आले असते.

तुम्हाला जिथं ठेवलंय तिथं मी दोनदा जाऊन आलो. तुमच्या लोकांत काय म्हणतात ते मला येत नाही. आमच्यातलं मनात म्हटलं आणि उभा राहिलो. तिथल्या म्हाताऱ्या अरबानं मला कोपऱ्यातली सावली दाखवली, कुठला, कुणाचा, काही विचारलं नाही.

काल फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस होता. परवा संध्याकाळी मी प्रज्ञाला बाहेर बोलावलं. माझ्या सहीचा फॉर्म मी फाडून टाकला होता आणि शाळेतून दुसरा कोरा आणला होता. तिला समोर बसवलं. एकेक ओळ वाचून दाखवली, तुम्ही वाचायचात तशी, मला तसं जमत नाही तरी. ती माझ्याकडे अशी बघत होती, की बापाला बरं नाहीये की काय. तीन चौकोनांपाशी आलो आणि मी विचारलं, तुला काय घ्यायचंय? खरं सांग. ह्युमॅनिटीज घ्यायचं असेल तर घे. इब्राहिमचाचांची पण तीच इच्छा असणार.

"चाचांची अशी काही विश नव्हती," ती म्हणाली. चक्क मराठीत. मग रडायला लागली. खूप वेळ रडली. तिच्या चाचांसाठी ती पहिल्यांदाच माझ्यासमोर रडत होती. बारा दिवस तिनं तेही मला दाखवलं नव्हतं. सुनंदा तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली आणि मी तिथं पेन धरून.

डोळे पुसून तिनं ते पेन माझ्या हातातून घेतलं आणि सायन्सच्या चौकोनात खूण केली.

मी म्हटलं, माझ्यासाठी करू नकोस. ती म्हणाली, "नो पप्पा. आय ऑल्वेज वॉन्टेड सायन्स. हिस्ट्री मला चाचांमुळे आवडायची. ते विचारायचे ना, तुला काय वाटतं म्हणून."

"मग त्या वेळी बोलली का नाहीस?"

"तुम्ही साइन करून टाकली होती."

तिनं फॉर्म पूर्ण भरला, सही केली आणि माझ्यापुढं सरकवला. त्यावर तेच लिहिलं होतं, जे त्या गुरुवारी मी तुमच्याकडून लिहून घ्यायला आलो होतो. तेव्हा घरातून निघताना मी तिला नुसती हाक मारून गाडीत बसवलं असतं, तर पाच मिनिटांत काम झालं असतं, भाभींचा चहा झाला असता, आणि पुढचे तिन्ही शुक्रवार मी तुमच्याशी भांडत बसलो असतो.